आई काय म्हणाली होती

बाबा टीव्हीचा आवाज पार बंद करायचे आणि बातम्या मी द्यायचे. बैठकीतला दिवा मालवलेला असायचा, पडद्याचा निळसर उजेड भिंतींवरून आणि बाबांच्या चष्म्याच्या काचांवरून हलत राहायचा, स्वयंपाकघरातून लसणीच्या फोडणीचा खमंग वास यायचा… आणि दहा वर्षांची, दोन वेण्यांची मी, कंगवा तोंडापुढे धरून हिंदीत ठणकावून सांगायचे की आज पंतप्रधानांनी आमच्या सोसायटीत आलेल्या पाण्याच्या टँकरचं उद्घाटन केलं आणि त्या प्रसंगी दोन बादल्यांची हाणामारी झाली. बाबा ठसका लागेपर्यंत हसायचे. "मिनू, कॅमेऱ्यात बघून बोल, कॅमेऱ्यात!" आणि मी पडद्याकडे पाठ करून त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायचे.

द्वारका तेव्हा पुरती वसायची होती. आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना अर्धवट उभे सांगाडे, वाळूचे ढीग, विटांच्या राशी, आणि मधल्या रिकाम्या जमिनीवर कीकरांचं, म्हणजे काटेरी बाभळींचं रान. विमानं इतकी खालून जायची की फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. मे महिन्यात तापलेल्या वाऱ्याची लू सुटली की खिडक्यांना ओल्या चादरी लावूनही जिभेवर रेतीची चव यायची. थंडीत धुकं आमच्या पाचव्या मजल्यापर्यंत चढायचं आणि गॅलरीत उभं राहिलं की खाली जगच नाही असं वाटायचं. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरातल्या ओळखीच्या एका पंजाबी कुटुंबाच्या आग्रहाने, सरकारी नोकरांनी मिळून बांधलेल्या या सोसायटीत त्यांनी घर घेतलं होतं, आणि त्या घराइतकाच त्यांचा जीव नव्या नव्या यंत्रांवर होता. नेहरू प्लेसहून एकेक भाग आणून त्यांनी जोडलेला संगणक आईने विणलेल्या झालरीच्या आच्छादनाखाली देवासारखा बसलेला असायचा. रविवारी ते त्याचं झाकण उघडायचे, आत फुंकर घालायचे आणि मला एकेका भागाचं नाव सांगायचे. तापलेल्या धुळीचा तो वास मला अजून कुठे आला, की आधी बाबांचा पांढरा बनियन आठवतो…

आईला या कशाचंच आकर्षण नव्हतं. ती साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत आलेली, अबोल, आणि विलक्षण संकोची. फोटोसाठी उभी राहिली की चेहरा आक्रसून घ्यायची. हसताना पदर तोंडाशी न्यायची. आमच्या मजल्यावर सगळ्यांची दारं दिवसभर सताड उघडी असत, पंजाबी मावश्या एकमेकींच्या घरांतून वाट्या घेऊन हिंडत. आमचं दार मात्र कायम बंद. कुणी त्यावरून चिडवलं तर आई एवढंच म्हणायची, "आपल्या घरातलं आपल्या घरात." घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि त्या दोन भाषांच्या मध्ये आईने स्वतः लावलेली कडी!

सोसायटीची लिफ्ट चालू होती, पण तिचं दार कित्येक महिने बिघडलेलं होतं. लिफ्ट मजल्यावर आलेली नसतानाही ते ओढलं की उघडायचं. बाबांनी कमिटीकडे दोनदा तक्रार केली होती; "अच्छा, देखते हैं," असं उत्तर मिळालं होतं. त्या संध्याकाळी आईला कोथिंबीर हवी होती. बाबा पिशवी घेऊन निघाले आणि ते जिन्याच्या मोकळ्या जागेत पोचतात न पोचतात तोच वीज गेली. लिफ्ट आली आहे असं समजून त्यांनी अंधारात तिचं दार ओढलं. ते उघडलं. ते आत गेले… आणि आत लिफ्ट नव्हती.

मी आवाज ऐकला होता. त्याचं वर्णन मी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्यसंस्कार उरकून माणसं परतली तेव्हा घर गच्च भरलेलं होतं. सतरंजीवर बायका, भिंतीला टेकलेले पुरुष, उदबत्तीचा आणि ओल्या टॉवेलांचा कोंदट वास. सगळं बघत होते ते माझे काका – बाबांचे धाकटे भाऊ, करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करणारे, बोलके, दहा ठिकाणी ओळखी असणारे. भावावर त्यांची माया होती, हे मला आजही मान्य करावं लागतं. रडून त्यांचे डोळे सुजले होते. पण त्या डोळ्यांत मधूनच एक वेगळी लगबग चमकायची, आणि तिचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

कॅमेरे त्यांनीच बोलावले होते.

आधी एक आला, मग तीन, मग मोजता येईनात. ज्यांची चिन्हं मी पडद्याच्या कोपऱ्यात बघत आले होते त्या वाहिन्यांची माणसं आमच्या बैठकीत बूट घालून उभी होती. कुणीतरी संगणकावरचं आच्छादन काढून त्यावर दिवा ठेवला. त्या प्रखर पांढऱ्या उजेडात आईचा चेहरा मी पाहिला आणि मला तो ओळखू येईना. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळ पुसलेलं. एक तरुण मुलगी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, नीटनेटकी, छान कापलेल्या केसांची. अशाच एखादीसारखं व्हावं असं मला वाटायचं. तिने माइक आईच्या ओठांशी नेला आणि मऊ आवाजात विचारलं, "मैडम, आपको इस वक़्त कैसा लग रहा है?"

आईने वर पाहिलं. सगळ्या दिव्यांकडे, पावलांकडे, मग उघड्या दाराकडे, जिथे जिन्यापर्यंत माणसं दाटलेली होती. आणि ती ओरडली. जन्मात कधी आवाज न चढवलेली माझी आई फाटलेल्या आवाजात ओरडली, "दार लावा! अहो, कुणीतरी दार लावा हो!"

पुन्हा पुन्हा तेच. ऊर बडवत, तेच.

साताऱ्याची माणसं अजून वाटेत होती; त्या गर्दीत मराठी समजणारी माणसं तिघंच होती. आई, मी आणि काका. मी दाराकडे जाऊ लागले, पण दारात एवढी माणसं होती की ते लागलंच नसतं.

"क्या कह रही हैं ये?" त्या मुलीने काकांना विचारलं.

मी त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे चेहरा वळवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "कहती हैं, मुझे इंसाफ़ चाहिए."

संध्याकाळी शेजारच्या घरी टीव्ही लागला होता. भिंतीतून आईचा आवाज येत होता. आई आमच्या आतल्या खोलीत गप्प पडून होती, आणि तिचा आवाज भिंतीपलीकडून ओरडत होता – "दार लावा, दार लावा." पडद्यावर खाली मोठ्या लाल अक्षरांत 'मुझे इंसाफ़ चाहिए' लिहिलं होतं, ते मला पंजाबी मावशींच्या मुलीने येऊन सांगितलं. ती जरा उत्साहातच होती. "तुम्हारी मम्मी हर चैनल पे आ रही हैं!"

दोन-तीन दिवस हे चाललं. मग कुठेतरी क्रिकेटचा सामना सुरू झाला आणि आमच्या घराकडे कुणी फिरकलं नाही. बाबांच्या तेराव्याच्या आत लिफ्ट दुरुस्त झाली. दाराला नवीन कुलूप, आत नवा आरसा. खाली उतरताना मुलं आरशात बघून तोंडं वेडीवाकडी करू लागली.

तेरावं झालं त्या दुपारी काका निघायला उठले. वरणभाताची पानं उचलून झाली होती, आई चहाची भांडी आवरत होती.

"वहिनी, आता घाबरायचं नाही," काका म्हणाले. "सगळ्या देशाने पाहिलंय. कमिटीवाले, लिफ्टवाले, एकालाही सोडणार नाही मी. बिल्कुल नाही."

"भावजी," आई म्हणाली, "त्या दिवशी मी काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"वहिनी, अहो, त्या वेळी तसं सांगणंच… टीव्हीवर 'दार लावा' म्हटलं तर कोण विचारणार? मी आपल्या भल्यासाठीच–"

"ऐकू आलं होतं का, तेवढंच सांगा."

काकांनी मान खाली घातली. "आलं होतं."

आईने त्यांच्या पुढ्यातला कप उचलला, विसळला आणि पालथा घातला. त्यानंतर काका आमच्याकडे येत राहिले, दिवाळीत, माझ्या निकालाच्या दिवशी. आई त्यांना चहा द्यायची, फराळ द्यायची, मुलांची चौकशी करायची. पण त्यांच्यासमोर ती पुन्हा कधी मनातलं बोलली नाही.

न्याय मिळाला नाही. कमिटीने लिहून दिलं की वीज गेलेली असताना गृहस्थांनी स्वतःच दार ओढलं, आणि शेवटी कागदोपत्री तेच खरं ठरलं. काका काही वर्षं कोर्टात खेटे घालून दमले. आईला बाबांच्या जागी अनुकंपेवर मंत्रालयात कारकुनाची नोकरी लागली आणि सरोजिनी नगरात तळमजल्यावरचं एक क्वार्टर मिळालं. अंगणात कडुनिंब होता, स्वयंपाकघराच्या भिंतींना ओल. पहिल्याच दिवशी ऑफिसातली एक बाई आईला म्हणाली, "आप वही हैं ना, टीवी वाली? इंसाफ़ मिला?" बाजारात स्वेटर घेताना दुकानदाराने विचारलं. माझ्या शाळेच्या पालकसभेत विचारलं गेलं. जे तिने कधी मागितलंच नव्हतं, ते मिळालं नाही म्हणून सगळी दिल्ली तिची कीव करत होती… आणि आई मान हलवून "नहीं जी" म्हणायची, कारण खरं सांगायचं तर आधी मराठी शिकवावी लागली असती.

मी त्यानंतर बातम्या दिल्या नाहीत. बाबांच्या पश्चात संगणक बरीच वर्षं पलंगाखाली होता, मग भंगारवाला घेऊन गेला. टीव्ही घरात राहिला, आणि त्यातून आई अधूनमधून येत राहिली. गुडगावात, गाझियाबादेत, कुठेही लिफ्ट पडली, की जुन्या साठ्यातलं ते दृश्य काढून लावत. बाई रडत्येय, एवढंच त्यांना पुरे होतं. कोणती बाई, कुणासाठी, याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. पुढे ते मोबाइलवर आलं. कुणी खाली करुण संगीत घातलं, कुणी तिच्या ओरडण्याची थट्टा केली. मी मोठी झाल्यावर ते काढून टाकावं म्हणून ठिकठिकाणी लिहिलं. एका ठिकाणाहून ते निघालं की चार ठिकाणी उगवायचं. ती मूळ वाहिनीही आता दुसऱ्याच कुणाची आहे. फोनवर तिथल्या एका मुलाने मला अदबीने विचारलं, "मैम, इसमें आपत्तिजनक क्या है?" यात आक्षेपार्ह काही आहे, असं त्याला खरंच वाटत नव्हतं.

आता आम्ही दोघी नोएडात राहतो. आईची निवृत्ती जवळ आली आहे. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी उन्हाची तिरीप दिवाणावर आली होती, आई मटार सोलत होती, आणि समोर बातम्या चालू होत्या. कुठल्याशा उंच इमारतीतली दुर्घटना. माझ्या लक्षात येईपर्यंत ते दृश्य सुरू झालेलं होतं. मी रिमोटसाठी धडपडले.

"राहू दे," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं. चॅनल बदलायची, उठून जायची. त्या दिवशी ती बसून राहिली. पडद्यावरची बाई ऊर बडवत होती. चौतीस वर्षांची – मी आज जवळपास त्याच वयाची आहे. आईने चष्मा सारखा केला, एखाद्या अनोळखी घरातल्या पोरीकडे बघावं तसं ती बघत राहिली.

"किती लहान होते गं मी," ती म्हणाली.

मग बातमी संपली, जाहिरात लागली. आईने मटाराची आणखी एक शेंग उचलली आणि ती तशीच हातात धरून विचारलं,

"मिनू, तिला कुणी पाणी विचारलं होतं का?"

मी आठवून पाहिलं. ते दिवे, ते बूट, ती सतरंजी, भिंतीला टेकलेले एकेक चेहरे… किती माणसं होती त्या दिवशी घरात.

"नाही गं आई," मी म्हणाले.