फोटोतला होल्डर

सावेडीत आमच्या शेजारी गेटचं वेल्डिंग चाललंय. जळक्या रॉडचा वास आला की ट्रेनिंग सेंटरचे ते सर आठवतात आणि माझं डोकंच फिरतं.

आम्ही ठाकरवाडीच्या तिघी पोरी संगमनेरला वेल्डिंग शिकायला गेलो होतो. सहा महिने सरांनी आमच्याकडून नुसतं वर्कशॉप झाडून घेतलं. सेंटरच्या तपासणीला साहेब आले त्या दिवशी मात्र हातात रॉड पकडायचा होल्डर दिला, तोंडापुढे काच धरायला लावली आणि फोटो काढला.

मी म्हणाले, "सर, एकदा करून तर बघू द्या."

"काय करणार तू तिकडं डोंगरात वेल्डिंग करून? पास करतोय ना तुला!"

केलंही. आईने तो फोटो कौतुकाने भिंतीला लावला. त्या सर्टिफिकेटवर एका कंपनीत लागले, पण वेल्डिंग येईना म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मला घरी पाठवलं.

आईकडून इथे आणलेला तो फोटो आज नीट बघितला. ज्याने लोखंड जोडलं जातं, तो रॉडच होल्डरमध्ये नाही. आणि पास झालेल्या मला तेव्हा ते दिसलंही नव्हतं.