दक्षिणेकडचा ऊस

खोटं कशाला बोलू, साडूचं कोपरगावकडचं रान पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. मी सुप्याला, एमआयडीसीत कामाला. दुर्बीण आधी मी घेतली, ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद त्याला मीच लावला. पण माझ्या गच्चीवरून दक्षिणेला नुसते कारखान्यांचे दिवे, आणि याच्याकडे मिट्ट काळोख. त्याचा पहिलाच फोटो सासऱ्यांनी फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगला. माझ्या चंद्राला फॅमिली ग्रुपवर नुसता अंगठा मिळाला होता.

एक दीर्घिका मात्र मला त्याच्या आधी हवी होती. जानेवारीत जेवणवेळेला ती दक्षिणेला येते, क्षितिजापासून जेमतेम तीन बोटांवर, आणि थोड्या वेळात बुडते, हे साडूलाही मीच सांगितलेलं. माझ्याकडे दिव्यांमुळे ती दिसणं शक्यच नव्हतं, पण त्याच्याकडेही दक्षिणेला दोन पुरुष उंच ऊस उभा होता. त्या उसाचा मला मोठा आधार वाटायचा.

डिसेंबरात त्याचा फोन आला. "साडूभाऊ, तासाभरानं फोटो पांढरे पडायला लागत्यात. कॅमेरा बिघडला का काय?"

बिघडलं काहीच नव्हतं. शेजारी पाटाचं पाणी, त्यात थंडी, भिंगावर दव बसत होतं. बॅटरीवर गरम होणारी पट्टी भिंगाला गुंडाळली की भागतं. माझी पट्टी तेव्हा समोर टेबलावरच पडली होती. मी म्हणालो, "बिघडला असेल. दाखवून घ्या कुठंतरी." फोन ठेवून चहा प्यालो, आणि तो मला गोड लागला.

त्यानं खरंच कॅमेरा दुरुस्तीला पुण्याला पाठवला.

जानेवारीत पुन्हा फोन. "उसाला तोड आली. टोळी रस्त्याकडनं सुरू करनार हुती, मी मुकादमाच्या मागं लागून दक्षिनंकडनं तोडायला लावलं. मोळ्या लांब न्याव्या लागल्या म्हनून बाया लई बोलल्या मला. तुमची ती तीन बोटांवरची आता मोकळी दिसंल. माजा कॅमेरा अजून आला न्हाई, तुमचा घेऊन या."

लाज वाटली, पण गेलो. उसाच्या खोडक्यांत स्टँड रोवला. तासा-दीड तासात स्क्रीनवर पिठाचं बोट लागल्यासारखा डाग उमटला. माझा, त्याच्या आधी. साडू माझ्याहून खूश. त्यानं मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून घेतला, आणि सहज भिंगाला हात लावला.

"हे गरम का लागतंय?"

"पट्टी आहे. दव बसू नये म्हणून."

त्यानं पट्टी चाचपून पाहिली. "म्हंजे माजा कॅमेरा चांगलाच हुता," म्हणाला. मग म्हणाला, "चला, जेवायला थांबल्यात सगळे."

मी घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर पडला होता. त्यानंच टाकलेला, खाली माझं नाव. मोठेपणातही हाच पुढं, म्हणून मी जळत बसलो. सकाळी सासऱ्यांचा फोन आला, फ्रेम करायला टाकतो म्हणाले. मी नको म्हणालो.