पुढचा बोर्ड येईपर्यंत

१२ नोव्हेंबर. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड काढायचा होता. खुटबावच्या आमच्या घरात हे काम नवऱ्याचं. मी बॅटरी धरायला.

शिरूरच्या एका वर्कशॉपसाठी ते घरी बसून मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढतात. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं आकसत चालली आहे. गेली ती परत येत नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. थेंब घालून उरलेली जपायची. ती किती टिकेल, हे तेही सांगू शकले नाहीत.

स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या शेजारी टेकायचा आणि घसरायचा.

"बॅटरी नीट धर की."

बॅटरी नीटच होती. मी दुसऱ्या हातानं ड्रायव्हरचं टोक खाचेत नेऊन ठेवलं, त्यांनी फिरवलं. सगळे स्क्रू असेच निघाले.

बोर्ड जळालेलाच होता. तसला आता नवा मिळत नाही. नवा घ्यायचा तर प्रोसेसर आणि रॅमही बदलावे लागतात. त्यांनी दौंडच्या दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब, गडबड करू नका," तो म्हणाला. "नव्या चिपसेटचा बोर्ड येतोय चार-सहा महिन्यांत. आत्ताच्या बोर्डावर पुढचे प्रोसेसर बसायचे न्हाईत. त्यो घेतला की पाच-सात वर्षं बघायला नको."

"मंग थांबू," हे म्हणाले.

थांबणं त्यांना नवं नाही. गावात कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की तो आधी यांना विचारायला येतो, आणि हे "पुढचा येऊ दे" म्हणून त्याला परत पाठवतात. शेजारच्या पोरीचं असंच झालं. तिचं बी. कॉम. झालं, लग्न झालं, कॉम्प्युटर काही आला नाही.

"तोवर ड्रॉइंगं कशावर काढणार?" मी विचारलं.

"वर्कशॉपवाल्याला सांगतो, थांब म्हणून."

"तो थांबेल. डोळे थांबणारेत का?"

मी बोलून गेले. ते ब्रश घेऊन पंख्यातली धूळ झाडत बसले. झाडून झालेल्या पात्यांवरूनही ब्रश फिरत राहिला.

"तुला बोलायला काय लागतंय," ते म्हणाले. "पाच-सात वर्षं चालंल आसं घ्यावं, आसं वाटतंच की माणसाला."

"चालेल तेवढं चालेल."

जेवताना भाकरी पुढ्यात होती, भाजीची वाटी मी त्यांच्या हाताशी सरकवली. ती त्यांनी पुन्हा होती तिथं ठेवली.

१३ नोव्हेंबर. सकाळी मी दौंडला गेले आणि दुकानात होता तोच बोर्ड घेतला, प्रोसेसर आणि रॅमसकट.

"काकू, साहेब तर थांबू म्हणाले होते," दुकानदार म्हणाला.

"मी नाही म्हणाले."

बोर्डावरच्या बारीक पिना वाकल्या तर बोर्ड वाया जातो, म्हणून प्रोसेसर तिथंच बसवून घेतला.

"कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणा की, सगळंच जोडून देतो."

"नको. स्क्रू घरी लावू," मी म्हणाले आणि खोकं उचललं.