गडद काचेचा चष्मा

कारखान्यात त्याला सगळे आरसेवाले म्हणत. आता आरसेवाले म्हटलं की दारोदार आरसे विकणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येईल, पण तसं नव्हतं. लेसरच्या मशीनच्या पोटात नखाएवढे आरसे असतात. त्यांच्यावरून वळत वळत प्रकाश खाली पत्र्यावर उतरतो आणि नाव, आकडे, जे हवं ते कोरतो. एक आरसा केसभर सरकला की सगळं काम वाकडं. ते आरसे जागेवर आणायचे तर झाकण उघडं ठेवून मशीन चालवावं लागतं, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस मात्र घुम्या. दहा प्रश्न विचारा, एक शब्द मिळायचा, तोही उसना दिल्यासारखा.

बोलायचं काम धाकट्या बहिणीकडे. दोघं एकाच मशीनवर. तो आरसे फिरवायचा, ती खाली पत्रा धरून रेघ सरळ येते का ते पाहायची. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी मदार उजव्यावर. पण त्या एका डोळ्यातून काही सुटेल तर शपथ! "दादा, वाकडं आलंय. तुझ्या तोंडासारखं," असं ती भर कारखान्यात ओरडायची आणि सगळे हसायचे. तोही हसायचा, मशीनमध्ये डोकं खुपसून. लग्न त्यानं केलंच नाही. नवरा सोडून गेल्यावर ती लेकीला घेऊन त्याच्याकडे आली, आणि त्या दोघीच त्याचा जीव की प्राण झाल्या.

मग नवं मशीन आलं. जुन्याचा प्रकाश हिरवागार, दिसणारा. नव्याचा डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्याबरोबर एकच चष्मा आला, फिकट हिरवट काचेचा, अगदीच पुचाट. दुसरा मागवा म्हटलं की मालकाचं उत्तर ठरलेलं, "येईल हो, येईल. तोवर जुना आहे की." जुना म्हणजे जुन्या मशीनचा, गडद नारिंगी, जाडजूड, कानशिलापर्यंत झाकणारा.

माणसं दोन, चष्मे दोन. त्यानं दोन्ही खिडकीसमोर धरून पाहिले. फिक्या काचेतून सगळं लख्ख दिसत होतं. ज्यातून एवढा उजेड येतो तो काय कपाळ डोळे राखणार! त्यानं गडद चष्मा बहिणीला दिला आणि फिका स्वतः चढवला. यातून नीट दिसत नाही म्हणून ती कुरकुरली. "गप घाल," तो म्हणाला. ती समजली. चांगला आपल्याला देऊन यानं उरलासुरला स्वतःला ठेवलाय, हे तिला सांगावं लागलं नाही.

एका दुपारी पत्रा जरा तिरका धरला गेला आणि प्रकाश त्यावरून उलटला. ना ठिणगी, ना चमक. "डोळ्यात टक्‌ असं झालं," म्हणत तिनं चष्मा काढला, डोळा चोळला आणि भावाकडे वळून विचारलं, "दादा, तुझं तोंड कुठे गेलं?"

त्याला वाटलं, थट्टाच करतेय.

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग बसला, तो कायमचा. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी करडा ठिपका. डॉक्टरांनी हात टेकले.

चौकशीला मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्यानं गडद चष्मा हातात घेऊन कडेवरचे बारीक आकडे वाचले. "हा फक्त हिरवा प्रकाश अडवतो. तुमच्या नव्या मशीनचा प्रकाश यातून सरळ आरपार जातो. रंगावर काय जाता? कुठला प्रकाश अडतो ते इथं छापलेलं असतं. तो फिका आहे ना, तोच खरा." खोलीत तिघंच होते. मालकाला विषय मिटवायचाच होता.  खरा चष्मा सबंध वेळ आरसेवाल्याच्याच नाकावर होता.

सांगायला हवं होतं, त्याच संध्याकाळी. पण तो घरी पोचला तेव्हा शेजारीण बसली होती आणि बहीण सांगत होती, "चष्मा नव्हता असं नाही हो. दादानं स्वतः फिका घातला न् चांगला मला दिला. माझंच नशीब फुटकं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."  उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. उद्याचं परवा झालं, परवाची वर्षं झाली. जो घरात येईल त्याला ती हे सांगायची आणि हा तिथंच बाजूला मूग गिळून बसायचा. अरे, एकदा तरी तोंड उघडायचंस! पण त्याला चांगला म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं, आणि ते गमवायची त्याची छाती होत नव्हती.

भाची मोठी झाली आणि त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर लागली. पहिल्या दिवशी सकाळी बहिणीनं कपाट चाचपून मऊ फडक्यात जपलेला गडद चष्मा काढला. "हाच घाल. तिथले फिके घालू नकोस. मामानं मला दिलेला आहे." पोरीनं तो डोळ्यांवर चढवला. "कशी दिसते, मामा?"

 त्यानं तो तिच्या तोंडावरून ओढूनच काढला. "नको. हा चुकीचा आहे. तेव्हाही चुकीचाच होता." मग त्यानं सगळं सांगून टाकलं, खिडकीपासून कंपनीच्या माणसापर्यंत. आयुष्यात एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता.

बहिणीनं मान तिरकी करून ऐकलं. तिला त्याचा चेहरा दिसला तर तेवढा कडेनंच दिसायचा.

"चुकीचं काही नाही रे," ती शेवटी म्हणाली. "मीसुद्धा तुला गडदच दिला असता. पण दादा, मी लोकांना सांगायचे, माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा, तेव्हा तू तिथंच असायचास ना?"

"हो."

"ऐकत?"

त्यानं चष्मा पुन्हा त्या मऊ फडक्यात गुंडाळला.

भाची आता फिका चष्मा घालून काम करते. बहीण वाईट वागते असंही कुणी म्हणणार नाही. वेळेवर वाढते, आणखी घेणार का विचारते, पाहुण्याला विचारावं तसं. एकदा तिनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यानं मुद्दाम तांब्याभर पाणी सांडलं, निदान ओरडेल तरी म्हणून.

"असू दे," ती म्हणाली, आणि भिंत चाचपत फडकं आणायला गेली.