गोलकीपरविना मोसम

येत्या रविवारी शहराची महिला हॉकी लीग सुरू होते आहे आणि आमच्या संघाकडे गोलकीपर नाही. लीगच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डावर सगळ्या संघांच्या याद्या लावल्या आहेत. आमच्या यादीत अठरा नावं आहेत आणि त्यातल्या एकावर लाल शाईची रेघ आहे. ते नाव माझ्या मुलीचं. रेघ क्लार्कने मारली असली तरी ती माझ्यामुळे मारली गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी बाकीच्या पोरींना नावं ठेवायला लागलो की ऐकणाऱ्याला माझी लायकी माहीत असेल.

मी स्वतः कधी हॉकी खेळलो नाही. आम्ही मूळचे नांदेडकडचे शेतकरी. आजोबा निजामाच्या राज्यात हैदराबादला आले आणि मग इथलेच झालो. मी जन्मभर एका सरकारी खात्यात कारकुनी केली. ऑफिस सुटलं की सुलतान बाजारला बसमधून उतरायचं, भाजी घ्यायची आणि पिशवीसकट मैदानावर जाऊन बसायचं, असं मी तीसेक वर्षं केलं. घरी पोचेपर्यंत कोथिंबीर मान टाकायची. बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं.

संघ जामबागेतल्या एका शाळेच्या खेळाच्या मॅडमनी उभा केला. मॅडम आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत, पण गळ्यातली शिट्टी तशीच आहे. सुरुवातीला पोरी आठवी-नववीतल्या होत्या आणि आज पाठवून उद्या बंद करणारे बाप फार होते. तेव्हा मॅडमनी एक रीत पाडली. मोसमाआधी प्रत्येक बापाने मैदानावर यायचं आणि सगळ्यांच्या देखत मुलीच्या नावासमोर सही करायची. एकदा सही केली की मोसम संपेपर्यंत तक्रार नाही. पुढे पोरी मोठ्या झाल्या, नोकऱ्यांना लागल्या, पण रीत राहिली. एकीचं लग्न झालं तर आता तिचे सासरे येऊन सही करतात. लीगचं ऑफिसही आमची यादी तशीच घेतं, कारण मॅडमशी वाद घालायची तिथे कोणाची छाती नाही. माझं अक्षर बरं म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. यादीचा मला फार अभिमान होता.

तर यंदाची यादी. उजवी फुलबॅक दांडगी आहे, पण चेंडू सोडून समोरचीचे पाय खेळते. पहिल्या दहा मिनिटांत कार्ड मिळालं नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं होतं. डावी फुलबॅक म्हणजे ती सासऱ्यांच्या सहीवाली. तिचं वर्षाचं बाळ बाहेर आजीच्या मांडीवर असतं आणि ते रडलं की ती चेंडूकडे पाठ करते. सेंटर हाफ हायटेक सिटीत नोकरीला आहे. खरी खेळाडू तीच, पण तिचा पास नेहमी अशा जागी जातो जिथे कोणीतरी असायला हवं होतं. पुढे दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दिवाळीपासून त्यांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे पासही बंद. पेनल्टी कॉर्नर मारणारी बंगळूरला गेली. बेंचवरच्या तिघी दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमध्ये अडकलेल्या, आणि त्यांची परीक्षा नेमकी लीगच्या मध्यात येते.

हे सगळं दर वर्षी थोड्याफार फरकाने असंच असतं. तरीही आम्ही तगून होतो ते गोलमध्ये माझी मुलगी होती म्हणून. बाप म्हणून नाही, तीस वर्षं खेळ पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. समोरून तिघीजणी चेंडू घेऊन धावत आल्या तरी ती गडबडत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत थांबते आणि मग पाय टाकते. गेल्या मोसमात आम्ही दोन सामने जिंकलो आणि चार बरोबरीत सोडवले, ते तिच्या जिवावर. दुसरी गोलकीपर लग्न होऊन निजामाबादला गेली होती. म्हणजे यंदा ही एकटीच.

यादी द्यायच्या शनिवारी ती घरी नव्हती. मैत्रिणीच्या लग्नाला जाते म्हणून गुरुवारीच गेली होती. मैदानावर मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, बाप मंडळी एकेक करून सह्या करत होती. मुलीच्या नावापाशी मी पेन टेकवलं तेव्हा मॅडमनी विचारलं, "बच्ची को पूछे क्या?"

मी म्हणालो, "उसको क्या पूछना मॅडम, घर की टीम है."

"पूछ लेते तो अच्छा था," त्या म्हणाल्या. मी सही केली, स्कूटर काढली आणि पाच वाजायच्या आत यादी लीगच्या ऑफिसात देऊन आलो. येताना मस्त चहा प्यायलो.

रविवारी सकाळी मुलगी आली ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन. लग्नबिग्न काही नव्हतं. सिकंदराबादला एका मोठ्या खात्याच्या संघाची निवड चाचणी होती आणि त्यांनी तिला गोलकीपर म्हणून घेतलं होतं. एक मोसम खेळायचं आणि मग खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी. शुक्रवारी तिने त्यांच्या फॉर्मवर सही केली होती आणि त्याच संध्याकाळी त्यांची यादी लीगकडे गेली होती.

"तुम्हाला आधी सांगितलं नाही, सॉरी बाबा," ती म्हणाली. "तुम्ही परेशान झाला असता. सिलेक्शन झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं."

माझ्या हातात पेढा होता. तो मी परत बॉक्समध्ये ठेवला. लीगचा नियम मला पाठ आहे, कारण गेली कित्येक वर्षं मीच तो नव्या बापांना समजावून सांगतो. एकच नाव दोन संघांच्या यादीत आलं तर त्या खेळाडूला पूर्ण मोसम बंदी. आणि पुढच्या वर्षी कोट्याच्या वयात ती बसत नाही. मी काय केलं ते सांगितलं तेव्हा तिने पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. बायको मात्र बोलली. "तुम्ही त्या सतरा पोरींचे बाप आधी झालात," ती म्हणाली, "आणि हिचे नंतर."

सोमवारी दुपारी आम्ही तिघं लीगच्या ऑफिसात गेलो, मॅडम, मुलगी आणि मी. क्लार्क भला माणूस होता. त्याने नियमांची फाईल काढली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, एक रस्ता आहे. क्लबने लिहून द्यायचं की हे नाव खेळाडूला न विचारता घातलं. मग मुलगी सुटेल आणि खात्याच्या संघाकडून खेळेल. पण चुकीची यादी दिली म्हणून क्लबची अख्खी यादी रद्द होईल आणि संघ या मोसमातून बाद. पाच वाजेपर्यंत वेळ आहे, त्यानंतर तो बंदीचा शिक्का मारणार.

तेव्हा तीन वाजले होते.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. "तुमारी बच्ची है, तुम बोलो," त्या मला म्हणाल्या. "मैं अब्बी लिख देती."

मला हो म्हणायचं होतं. हे मी आज म्हणतो आहे आणि ते खरं आहे की नाही हे माझं मलाच कळत नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर डाव्या फुलबॅकचे सासरे आले, त्या दोघी भांडकुदळ बहिणी आल्या, रविवारी सकाळी रिकामं मैदान आलं. एक मोसम बुडाला तर हा संघ पुन्हा उभा राहणार नाही, मॅडमच्या अंगात तेवढं बळ उरलेलं नाही, असं वाटलं. आणि मी म्हणालो, "मॅडम, जरा चाय पीके आते. सोचके बोलता हूँ."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन परत पर्समध्ये ठेवलं. मुलगी बाकावर बसून होती. तिला म्हणालो, तू थांब, आम्ही येतोच.

कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात आम्ही बसलो. मीच बोलत होतो, अपील करता येईल का, खात्याच्या साहेबांना भेटता येईल का, आपल्या पोरी कुठल्या दुसऱ्या संघात घालता येतील का. चहा संपला, दुसरा मागवला. तासाभराने आम्ही परत गेलो तेव्हा बाक रिकामा होता.

क्लार्क म्हणाला, ती लिहून देऊन गेली. दोन्ही सह्या माझ्या माहितीने झाल्या, बंदी मान्य आहे, क्लबची काही चूक नाही, असं तिने कागदावर लिहिलं होतं. शिक्का मारून झाला होता. आमची यादी रद्द होण्यापासून वाचली होती. लाल रेघ त्याने आमच्यासमोर मारली. त्याच आठवड्यात खात्याने त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला गोलमध्ये घेतल्याचं कळलं.

परवा सराव सामना झाला. गोलमध्ये आता एक लेफ्ट हाफ उभी राहते, उंच आहे म्हणून. चेंडू जोरात आला की ती डोळे मिटून घेते. आम्ही सात गोल खाल्ले. लीगमध्ये आमच्या वाट्याला एक बरोबरीसुद्धा येणार नाही आणि आम्ही खालच्या गटात जाणार, हे सांगायला माझ्यासारख्या जाणकाराची गरज नाही. सामना संपल्यावर मॅडम मला नेहमीप्रमाणे विचारायला आल्या नाहीत की कसं वाटलं.

घरी आलो तर मुलगी टेबलाशी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती. गेले पंधरा दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलत होती, जेवायला या, फोन आलाय, एवढंच. मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, माझं चुकलं, मी न विचारता सही करायला नको होती.

"सहीचं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "मी पण तुम्हाला न सांगताच केली होती."

"मग?"

तिने पुस्तकातून वर पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मी मॅडमना काही लिहू दिलंच नसतं. सगळ्यांचा मोसम बुडवून मला नोकरी नको होती. मी तिथे बाकावर बसून फक्त तुमचं ऐकत होते, की तुम्ही लगेच हो म्हणता का."

ती पुन्हा वाचायला लागली. मी तिथेच बसून राहिलो.