चार्जरची खंडेनवमी

आमचा टेम्पो डिझेल पीत नाही, वीज पितो. मागच्या खंडेनवमीला तो प्यायला बसला, तो उठलाच नाही.

जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव. गावातला पहिला विजेचा टेम्पो आमचा, आणि तो घ्यायचा हट्ट माझा. धाकटे दीर वसंतभाऊजी शेजारीच राहतात. त्यांची डिझेलची पिकअप आहे. टेम्पो दारात आल्यापासून ते जाता-येता विचारायचे, "काय वहिनी, मोबाईल चार्ज झाला का?" मी हसून सोडून द्यायचे. (हसायचे. सोडायचे नाही.)

म्हणून तर व्यवस्था चोख ठेवली होती. ओसरीच्या भिंतीवर चार्जरची पेटी. तिच्या वायरीच्या टोकाला गन, पेट्रोल पंपावर असते तशी. ती गाडीच्या तोंडात घातली की गाडी आतून कडी लावून घेते आणि मगच चार्ज होते. पेटीशेजारी मी मार्करनं नियम लिहून ठेवले होते. पहिलाच नियम: गन कोरडी ठेवावी. दुसरा: गनला कोणीही विनाकारण हात लावू नये. घरच्यांना वाचता येतं, पण खात्री म्हणून मी मोठ्यानं वाचूनही दाखवले होते.

त्या वर्षी अर्धा एकर झेंडू केला होता. झेंडूचा हिशेब सोपा. दसऱ्याच्या सकाळी हिंगोलीत लोक त्याच्यासाठी भांडतात, दुपारनंतर शेळीसुद्धा तोंड फिरवते. भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, माझी पिकअप रिकामीच चालली हिंगोलीला. टाका की फुलं."

"नको बाई," मी म्हणाले, "तुमच्या धुरानं काळी पडतील."

हे मी हापशावर चार बायकांच्या देखत म्हणाले.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा असते. मागं एकदा फवारणीचा पंप राहून गेला आणि पुढचं वर्षभर तो गळला, असं सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, म्हणणं. म्हणून या वेळी मी यादीच केली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पंप, शिवणयंत्र, टेम्पो. सगळं उरकून मी पाट उचलणार, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "अन् त्याला पाजायचं नळकांडं काहून ऱ्हायलं वं?"

माझ्या यादीत चार्जर नव्हता! मला ते इतकं लागलं, की भरपाई म्हणून मी त्याची पूजा सगळ्यात सविस्तर केली. मेन स्विच बंद केला (मी बावळट नाही). गन ओल्या फडक्यानं पुसली, कारण धुळीवर कुंकू लावायचं नसतं. मग हळद. हिंगोली जिल्ह्यात हळदीला हात आखडता घेतला तर लोक नावं ठेवतात. गनच्या तोंडाला भोकं असतात, त्या भोकाभोकाला कालवलेल्या हळदीचं बोट लावलं. वरून कुंकू, त्यावर अक्षता. हे सगळं पहिल्या नियमाला पाठ टेकून.

दुपारी आमच्या ह्यांनी स्विच चालू करून गन टेम्पोला लावली आणि फुलांचे क्रेट भरून वर ताडपत्री बांधली. पहाटे निघायचं होतं. दिवस मावळायच्या आधी मी गन काढायला गेले. ती येईना. बटण दाबलं, येईना. शेवटी ह्यांनी भिंतीला पाय लावून ओढली. गन जागची हलली नाही, चार्जरची पेटी मात्र अर्धी भिंतीतून बाहेर आली.

"अहो, हा लाल दिवा कधीपासून लागलाय?"

"दुपारधरनं."

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तू कुंकू लावलंस."

म्हणजे बॅटरीत एक थेंब गेला नव्हता. मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलानं सांगितलं, "मॅडम, गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन या."

"कशी आणू? गन लागलेली असताना ती सुरूच होत नाही."

"मग गन काढून आणा."

"गन निघत नाही, म्हणून तर फोन केला."

त्यानं कागद चाळले. मग म्हणाला, "गाडी एकदा बंद करून चालू करून बघा."

तोवर भाऊजी ओसरीवर येऊन बसले होते. "वहिनी, घरासगट ओढून न्हेऊ का? दोर हाय माझ्याकडं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ह्यांनी मात्र खोबरेल तेलाची बाटली आणली. ती हिसकावून घेण्यात निम्मी माझ्या पातळावर सांडली. शेवटी मी पुन्हा फोन करून असा काही आवाज लावला, की हिंगोलीहून कंपनीचा मिस्त्री मोटारसायकलवर आला. त्यानं सगळीकडून पाहिलं आणि सांगितलं की आतली कडी हातानं सोडवायची एक तार असते. ती हौद्याच्या पुढच्या फळीमागं. म्हणजे फुलांच्या मागं. निमूटपणे सगळे क्रेट उतरवले. भाऊजींनीही हात लावला, पण प्रत्येक क्रेट नाकाशी नेऊन म्हणाले, "धुराचा वास न्हाई बरं का."

मिस्त्रीनं तार ओढली. कडी अर्धी सरकून अडली. त्यानं फटीत टॉर्चचा उजेड मारला, आत तार घातली, बाहेर काढली आणि हुंगली.

"ह्याच्यात हळद कशी काय?"

"उंदरानं न्हेली असंल," हे म्हणाले. ह्यांचा माझ्यावर जीव आहे.

"उंदीर कशाला न्हेईल?" आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या. "आमच्या सुनंनं घातली. एक बी भोक सोडलं न्हाई."

माझ्याच पदराची पिन मागून घेऊन मिस्त्रीनं कडीच्या खाचेतून तांदळाचा दाणा काढला. खट्‌ आवाज झाला, गन सुटली. पण ती आतून पिवळी पडून पार चिकटली होती. नवी गन दसऱ्यानंतर येणार होती.

"वॉरंटीत बसेल ना?" मी विचारलं.

"बसवू की. कारण काय लिहू, ताई?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. भाऊजी म्हणाले, "लिवा, अतिश्रद्धा."

बाहेर फुलांचे क्रेट, दारात रिकाम्या पोटाचा टेम्पो. मी पदर सावरला. "भाऊजी, पिकअप रिकामीच चालली होती ना?"

"चालली तर हाय. पण धूर लई करती, वहिनी."

"थोडा धूर चालतो फुलांना."

"हे उद्या हापशावर सांगसाल का?"

"सांगीन."

पहाटे झेंडू आणि मी भाऊजींच्या पिकअपमधून हिंगोलीला गेलो. फुलं, ओवलेले हार, सगळं हातोहात खपलं. शेवटी एकच हार उरला होता, तेव्हा एक तरुण स्कूटरवरून आला. "मावशी, विजेची स्कूटर हाय. चार्जरला हार पायजे."

झालं! मी त्याला बसवून घेतलं. ओलं फडकं, हळद, खाच, तांदूळ, लाल दिवा, सगळं क्रमानं समजावलं. तो मान डोलावत ऐकत राहिला आणि पलीकडच्या गाड्यावर जाऊन हार घेऊन गेला.

तो उरलेला हार उचलून भाऊजी आपल्या पिकअपला बांधायला लागले. एवढं केलं माणसानं, म्हणून मी हार धरायला पुढं झाले.

"तुमी तिथंच उभ्या ऱ्हा, वहिनी," ते म्हणाले. "परत घरी जायचंय आपल्याला."