चाचांनी मोजलेलं राज्य

मी आज जो काही आहे, तो औंढा नागनाथच्या मोजणीवाल्या चाचांमुळे आहे. हे वाक्य मी कॉलेजच्या निरोप समारंभात माईकवर बोललो, तेव्हा समोर बसलेल्या प्राचार्यांचा चेहरा जरा उतरला होता, कारण त्या जागी आपलं नाव येईल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. पण खरं ते खरं. आणखी एक गोष्ट मी तितक्याच छातीठोकपणे सांगतो. कॉम्प्युटरवरच्या खेळात शिरून तिथल्या राजाचं अख्खं राज्य बांधाबांधानं मोजणारा, प्रत्येक शेताला गट नंबर देणारा आणि शेवटी 'राजाने गायरानात अतिक्रमण केलेले दिसून येते' असा शेरा मारणारा माणूस या जगात एकच झाला. तो माणूस राक्षस मारायचं मात्र कायम उद्यावर ढकलत असे.

चाचा भूमापन खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. माझं गाव म्हणजे पुसेगावजवळचा एक तांडा. तिथून कॉलेजसाठी औंढ्याला येणारा आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या याडीने, म्हणजे आईने, मला असं वाटून दिलं होतं की सबंध तांड्याची अब्रू माझ्या दप्तरात आहे. चाचांच्या घरामागची खोली मला राहायला मिळाली. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला गेला होता आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर आणि त्यातला एक त्याहून जुना गेम मागे ठेवून गेला होता. सहा वीरांची टोळी घेऊन निघायचं, गावोगाव लोकांशी बोलायचं, कामं अंगावर घ्यायची, गुहा धुंडाळायच्या, आणि शंभर-दीडशे तासांनी एका दुष्ट जादूगाराला संपवायचं, असा तो खेळ. बोलणं सगळं इंग्रजीत, पानंच्या पानं. चाचांचं शिक्षण उर्दूत आणि नोकरी मराठीत झालेली. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "बेटा, तू कालेजात जातो. वाचून सांग, हे लोक काय बोलून राहिले."

त्या सहा वीरांची नावं चाचांनी आपल्या ऑफिसातल्या पदांवरून ठेवली. धिप्पाड तलवारवाला तो कोतवाल. धनुर्धारी तो मोजणीत लांब उभा राहून झेंडा धरणारा. पोथी घेऊन मंत्र म्हणणारा तो तलाठी, "कारण टोळीत लिवता-वाचता येणारा त्यो एकलाच." दोघे शिपाई. सहावा चोर होता. कुलुपं उघडणं आणि खिसे कापणं एवढंच त्याचं काम. चाचांनी त्याला टोळीत घेतलंच नाही. "सरकारी कामात असला माणूस बसत न्हाई," म्हणाले, आणि ती जागा शेवटपर्यंत रिक्त राहिली. त्यामुळे आम्हाला तीन वर्षांत एकही पेटी उघडता आली नाही.

त्या गेममध्ये नकाशा नव्हता. आजच्या गेममध्ये कोपऱ्यात बाण असतो, तो धरून आंधळासुद्धा मुक्कामाला पोचतो. इथं 'जुन्या वडाच्या पलीकडे' एवढंच सांगायचे, आणि वड शोधण्यात आठवडा जायचा. एखाद्याला हा दोष वाटेल. चाचांना तो आमंत्रण वाटला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून त्यांनी भिंतभर कागद केला, एक पाऊल म्हणजे एक चौकोन असं माप धरलं, आणि कोतवालाला प्रत्येक शेताच्या कडेकडेनं चालवलं. दहा पावलं झाली की सोयाबीनचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. मग खाली सुबक अक्षरात चतुःसीमा: पूर्वेस राक्षसाची गुहा, पश्चिमेस सरकारी ओढा, उत्तरेस भुताटकीचा बुरूज, दक्षिणेस पडीक. मोजणीच्या आधी शेजाऱ्यांना पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते. म्हणून चाचा कुठलंही शेत मोजण्यापूर्वी सरायीत जाऊन झोपायचं बटन पंधरा वेळा दाबत. जादूगाराचं सैन्य तोवर वेशीवर ताटकळत उभं. चाची चहा घेऊन आत येत आणि म्हणत, "तीस बरस लोगां के बांध नापे, अब काच के अंदर के नाप रै."

खेळ कुठेही थांबवून जपून ठेवायची सोय नव्हती, फक्त सरायीत पोचलं तरच नोंद होई. भारनियमनाच्या काळात यासारखा छळ नाही. तीन तासांची मेहनत एका क्षणात काळीठिक्कर व्हायची आणि मी कपाळाला हात लावायचो. चाचा शांत. "नोंद दफ्तरातच होते बेटा, रस्त्यावर न्हाई." आमचा कोतवाल समोरच्या उंदरावर सात वेळा तलवार चालवून सातही वेळा चुकला, तर म्हणत, "चष्मा लागला असंल त्याला. मेडिकल करून घ्या." गेमच्या कुठल्याही दोषावर त्यांच्याकडे खात्याचा एखादा नियम तयार असे, आणि नियम लावला की तो दोष राहत नसे.

आता माझ्याविषयी. मला इंग्रजी येत नव्हतं. मराठीसुद्धा मी शाळेत गेल्यावर शिकलो, इंग्रजी तर पाठ करून पास झालेलं. चाचांनी 'वाच' म्हटलं तेव्हा 'येत नाही' एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. पण कालेजात जाणारा पोरगा म्हणून ते ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होते, ती नजर मला सोडवेना. म्हणून मी पडद्याकडे बघून डोळे बारीक करायचो, ओठ हलवायचो, आणि जे कळेल त्यात जे सुचेल ते मिसळून सांगायचो. सुरुवातीला कळायचं एक आणि सुचायचं नऊ. रात्री शब्दकोश घेऊन बसायचो, कारण उद्या पकडला जायची भीती. माझं इंग्रजी सुधारलं ते ज्ञानाच्या ओढीनं नव्हे, चोरी लपवायच्या गरजेनं. प्राचार्यांना हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमची टोळी पाणचक्कीजवळच्या एका वस्तीत पोचली. तिथे एका तपकिरी शेताच्या दोन टोकांना दोन म्हातारे उभे होते. चाचांनी पहिल्यावर क्लिक केलं, मजकुराची चौकट उघडली, आणि मला त्यातलं ओ की ठो कळेना. आमच्या तांड्यावर माझे दोन काका बांधावरून भांडत असत, तेच आठवलं. मी म्हणालो, "चाचा, हे दोघं भाऊ आहेत. धाकटा म्हणतो, मोठ्यानं माझा बांध कोरला."

चाचा खुर्चीत सरळ बसले. "मग मोजावं लागंल."

पंधरा वेळा झोपून झालं. मोजणीला दोन महिने लागले. निष्कर्ष असा निघाला की मोठ्या भावाकडे अकरा पावलं जास्त आहेत. आता निकाल त्याच्या कानावर घालायला हवा होता, पण गेममध्ये निकाल सांगायची सोय असणार कुठून? चाचा रोज त्या म्हाताऱ्यावर क्लिक करत, रोज तीच चौकट उघडे, आणि रोज मला त्याच ओळींतून नवीन उत्तर काढावं लागे. कधी तो वाद घाली, कधी वकील लावायची धमकी देई. एकदा चाचांनी चष्मा पुसून विचारलं, "बेटा, अक्षरं रोज सारखीच दिसून राहिली?"

"इंग्रजीत असंच असतंय चाचा. थोडक्यात लई मावतं."

त्यांनी मान डोलावली. परीक्षा जवळ आली तेव्हा मी ठरवलं, हा वाद मिटवून टाकावा. त्या दुपारी चौकट उघडल्यावर मी वाचलं, "मान्य आहे. धाकट्याची अकरा पावलं मीच घेतली. तो लहान होता, बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून घेतली." ही शेवटची ओळ कुठून आली, मला माहीत नाही. मला ती बरी वाटली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

चाचांनी कॉम्प्युटर बंद केला. सरायीत न जाता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारचा बाजार होता, आणि चाचा सकाळच्याच गाडीनं तिकडे गेले. मला चाचींनी सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला. चाचांचा धाकटा भाऊ तिथे राहत होता. वडील गेल्यावर शेताची वाटणी चाचांनी स्वतः मोजली होती. सगळ्या तालुक्याला बराबर मोजून देणाऱ्या माणसानं घरचा हद्दीचा दगड तेवढा थोडा सरकवून रोवला होता. धाकटा काही बोलला नाही, आणि मग कित्येक वर्षं काहीच बोलला नाही. ईदलासुद्धा नाही. चाची डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आज पत्थर निकालने गए. खुदा जाने क्या हुआ इनको."

काय झालं होतं ते खुदाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. संध्याकाळी भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून चाचा परतले, पायजम्याला माती. दोघं ओट्यावर एका ताटात जेवले. मी मागच्या खोलीत अर्थशास्त्राच्या नोट्स उलट्या धरून बसलो होतो. 'सांगून टाकावं' असं वाटलं. 'कशाला सांगावं' असंही वाटलं. दुसरं वाटणं सोयीचं होतं, त्यामुळे तेच टिकलं.

आज मी पुण्यात भाषांतरकार आहे. हसायचं असेल तर इथं हसून घ्या. गेल्या महिन्यात एका मासिकानं मला जुन्या गेमवर लेख मागितला, दोष जास्त की गुण जास्त. मी तोच गेम मिळवला आणि पहिल्यांदा सगळं नीट वाचलं. पाणचक्कीजवळचा एक म्हातारा म्हणतो, उत्तरेला लांडगे आहेत, सांभाळून जा. दुसरा म्हणतो, आज दुकान बंद आहे. एवढंच. भाऊ नाहीत, बांध नाही, सबंध गेममध्ये कुणाचा जमिनीवरून वाद नाही. मला इतका राग आला, जणू गेमच्या लेखकानं माझा मजकूर कापला. मग मी विद्वत्तेनं लिहिलं: नकाशा नाही, चाल संथ, नोंदीची गैरसोय, संवाद कोरडे, सबब दोषांचं पारडं जड. अंक छापून आल्यावर मोठ्या अभिमानानं चाचांना पाठवला.

चार दिवसांनी फोन आला. "बेटा, लई बराबर लिव्हलं. दोष हायेतच, मी कवा न्हाई म्हटलं? पर दोन भावांचा बांध काहून सोडला? त्या गेमात दुसरं हायेच काय? माझा भाऊ ईदला येऊन राहिला. त्याला म्हटलंय, पोरगं समदं लिव्हणार, तवा बसून वाचू. त्याला दाखवायचंय मला, त्या म्हाताऱ्यानं कसं कबूल केलं त्ये."

मी म्हणालो, "जागा कमी पडली चाचा."

फोन ठेवला आणि तीन दिवस कुठल्याही कामात लक्ष लागेना. मग हे पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं.

*

आदरणीय चाचा,

सलाम. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. हे पत्र आधी एकट्यानं वाचा, मग भावाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लेखात जागा कमी पडली नव्हती. तो बांध गेममध्ये नाही. ते दोघं भाऊ नाहीत, आणि मोठ्यानं काही कबूल केलेलं नाही. ते मी बोललो. मला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि येत नाही असं म्हणायची लाज वाटत होती. तुमच्या घरचं मला काही माहीत नव्हतं. चाचींनी सांगितल्यावर कळलं, आणि त्यानंतर मी गप्प राहिलो, ती माझी मोठी चूक. पहिली चूक अडाणीपणाची होती. दुसरी समजून केलेली आहे.

जवळा बाजारचा दगड तुम्ही स्वतःच्या हातानं काढलात. त्यात माझं काही नाही, त्या म्हाताऱ्याचंही नाही, असं मला वाटतं. पण हे मी खरंच मानतो, की माझी चूक लहान दिसावी म्हणून म्हणतो, ते मला नीट सांगता येत नाही. तुम्ही आयुष्यभर हद्दी बघितल्या आहेत. ही कुठे पडते, तुम्हीच बघा.

लेखात मी गेमला वाईट म्हटलं. दोष मोजले ते बरोबरच आहेत, एकही मागे घेत नाही. पण मोजायला मी बसायला नको होतं. त्या गेमनं मला भाषा दिली, आणि मी त्याच्याविषयी खोटं सांगून ती घेतली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी औंढ्याला येतो. तुमचा कॉम्प्युटर बंद पडला असेल तर माझा आणतो. तुमची परवानगी असेल तर आपण पहिल्या गावापासून सुरुवात करू आणि तिथले लोक जे बोलतात तेवढंच मी वाचीन. बरंचसं साधंच आहे, लांडगे, दुकानं, पाऊस. तुम्हाला कंटाळा येईल. आणि चाचा, इतकं शिकूनही त्यात अजून काही शब्द आहेत जे मला येत नाहीत. तिथे आलो की मी थांबेन आणि येत नाही म्हणेन.